घरच्या घरी प्राणी-निरीक्षण आणि सेफ्टी: पालक सारखे विचारतात ते प्रश्न

आमच्याकडे दोन मुलं, मोठी अकरा वर्षांची आणि धाकटा आठचा, आणि विज्ञानातला प्राण्यांचा भाग आम्ही बराचसा घरीच करतो, म्हणजे बाल्कनी, जिना, सोसायटीची बाग आणि मे महिन्यात गावचं घर. फोटो टाकले की लगेच मेसेज येतात, निम्मे "कसं केलंत" आणि निम्मे "भीती नाही वाटत का". तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाहीये, त्यामुळे चावलं-डसलं तर हे वाचत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

१. घरात एकही पाळीव प्राणी नाही, मग प्राण्यांचा अभ्यास कसा करणार?

पाळीव प्राणी लागतच नाही हो. ट्यूबलाइटमागची पाल, ओट्यावरच्या मुंग्या, बाथरूमच्या कोपऱ्यातला कोळी, ग्रिलवरचं कबुतर, कुंडीतलं गांडूळ, एवढ्यावर वर्ष निघतं. एक वही करा, दोनशेपानी साधी, आणि रोज एकाच खिडकीत एकाच वेळी दहा मिनिटं बसा. तारीख, वेळ, हवा कशी होती, कोण दिसलं आणि काय करत होतं. "काय करत होतं" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. नाव माहीत नसेल तर "राखाडी, शेपूट हलवणारा" असं लिहायचं, नाव नंतर सापडतं. आमच्या वहीत पहिले दोन आठवडे नुसतं "कबुतर. बसलं होतं" असंच आहे, मग हळूहळू ते मान कशी फुगवतं, दुसरं आलं की गोल गोल का फिरतं हे यायला लागलं.

२. कितव्या वर्षापासून सुरू करावं?

बघायला तीन-चारचं पोरही बसतं. हात लावायचं मात्र वेगळं. पाच वर्षांखालच्या मुलांचा हात सारखा तोंडात जातो आणि त्यांची प्रतिकारशक्तीही कच्ची असते, त्यामुळे कासव, पाल, बेडूक, कोंबडीची पिल्लं यांना हात नाही म्हणजे नाही, कारण यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतो आणि प्राणी दिसायला एकदम ठणठणीत असतो.

३. तुमच्या घरी नियम काय आहेत? मुलं पाळतात का?

पाळतात, कारण नियम थोडे आहेत आणि आम्हीपण पाळतो.

एक म्हणजे हात. माती, पान, अळी कशालाही हात लागला की साबण आणि वाहतं पाणी, आणि चोळताना बेचा पाढा दोनदा म्हणायचा, साधारण वीस सेकंद होतात. सॅनिटायझरने चिखल जात नाही, त्यामुळे तो फक्त बाहेर पाणी नसेल तेव्हा, आणि घरी आल्यावर परत साबण.

दुसरं, स्वयंपाकघरातली वस्तू प्राण्यांना नाही आणि प्राण्यांची वस्तू स्वयंपाकघरात नाही. श्रीखंडाचे रिकामे डबे आणि जुने चमचे घेतलेत, त्यांच्यावर लाल ऑइलपेंटचा पट्टा मारलाय. हा पट्टा मारायचं शहाणपण कसं आलं तर एकदा सासूबाईंनी गांडुळांचा डबा "रिकामा दिसतोय" म्हणून घासून त्यात शेंगदाण्याचं कूट भरून ठेवलं होतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, जिथे डोळा पोचत नाही तिथे हात घालायचा नाही. दगडाखाली, कुंडीच्या मागे, लाकडाच्या ढिगात, भिंतीच्या भोकात. काठीने, तेही मोठं माणूस शेजारी असताना आणि दगड आपल्या विरुद्ध बाजूने उचलायचा म्हणजे खाली काही असलं तर दगड आपल्या आणि त्याच्या मध्ये राहतो. आणि बाहेर ठेवलेले बूट झटकल्याशिवाय पायात नाही.

चौथा नियम मुलीने केलाय, जिथून आणलं तिथेच सोडायचं. वहीत जागा लिहिलेली असते त्यामुळे पळवाट नाही.

४. पहिला प्रोजेक्ट कुठला करावा? सोपा, स्वस्त आणि चावणारा नको.

कढीपत्त्यावरची अळी. डोळे मिटून हाच सांगेन. लाइम बटरफ्लाय नावाचं काळं-पिवळं फुलपाखरू लिंबू, कढीपत्ता, बेल अशा झाडांच्या कोवळ्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढं फिकट पिवळं अंडं घालतं. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि ती चक्क पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळी-पांढरी, चमकदार. पक्षी स्वतःची घाण कशाला खाईल? चार वेळा कात टाकते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम हिरवीगार होते, पानात दिसतसुद्धा नाही. गवताच्या काडीने हळूच टोचलं तर डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि कुबट वास सोडते, हे एकदाच करा, मुलं दिवसभर टोचत बसतात आणि बिचारीची ताकद जाते.

सेटअप म्हणाल तर पाण्याची छोटी बाटली, त्यात फांदी, बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद (नाहीतर अळी पाण्यात बुडून मरते, आमची मेली होती), आणि वरून जुनी मच्छरदाणी. खाली कागद ठेवायचा आणि लेंड्या रोज झाडायच्या, नाहीतर बुरशी येते. बाजारातला कढीपत्ता घालू नका, त्याच्यावर फवारणी असते, अळी दोन तासांत गळते. कोष झाला की हलवायचा नाही, आठवडा ते दोन आठवडे लागतात, थंडीत जास्तच. फुलपाखरू बाहेर आलं की पंख ओले आणि चुरगळलेले असतात, वाळेपर्यंत उलटं लटकायला जागा पाहिजे, मग सोडून द्या.

नशीब असेल तर लिंबाच्या झाडावर ब्लू मॉरमॉनची अळीसुद्धा मिळते, २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेलं हेच. दिसायला साधारण तशीच पण आकाराने दांडगी.

रुई, कण्हेर आणि एरंडावरच्या अळ्या मात्र नवशिक्यांनी घरी आणू नका. अळी काही करत नाही, झाड करतं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, कण्हेर अख्खी विषारी आणि एरंडाच्या बिया लहान पोराने चावल्या तर जिवावर बेतू शकतं. या झाडावरची अळी झाडावरच बघा.

५. केसाळ सुरवंट हाताला लागला, प्रचंड खाज सुटलीय, काय करू?

चोळू नका, चोळलं की केस आत रुततात. सेलोटेप चिकटवून ओढायची, तीन-चार वेळा, नवीन तुकडा घेऊन, मग साबणाने धुवायचं आणि बर्फ. कपडे बदला, त्यात केस अडकलेले असतात. डोळ्यात गेलं असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर थेट डॉक्टर. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर यांचे गठ्ठेच्या गठ्ठे बसलेले असतात, त्या झाडाखाली खेळायचं नाही. नियम सोपा ठेवलाय: गुळगुळीत अळी काडीवर घ्यायची, केसाळ अळी लांबून बघायची. अजून एक, फुलं खाणारे नारिंगी-काळे पट्टेवाले भुंगे, भेंडीवर वगैरे दिसतात, ते चिमटीत धरले की त्यांच्या अंगातल्या द्रवाने फोड येतात.

६. गांडुळं पाळायची आहेत. गांडुळाचे दोन तुकडे केले तर दोन गांडुळं होतात ना?

नाही होत! हा प्रश्न मला दर पावसाळ्यात येतो. डोक्याकडचा भाग कधीकधी जगतो आणि शेपूट परत वाढवतो, पण शेपटीकडचा तुकडा मरतो. मीठ टाकून "गंमत" दाखवणाऱ्या काकांनाही लांब ठेवा. गांडूळ कातडीतून श्वास घेतं आणि त्यासाठी कातडी ओली लागते, म्हणून हात ओला करून घ्यायचं आणि पाच मिनिटांत परत मातीत.

करण्यासारखा प्रयोग म्हणजे अर्धा डबा काळ्या कागदाने झाकायचा आणि अर्धा उघडा ठेवायचा, थोड्या वेळाने सगळी अंधाराकडे. डोळे नाहीत तरी उजेड कळतो. मग टॉर्चवर लाल जिलेटिन लावून परत करा, लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही, आणि मग पोरं स्वतःच विचारतात की असं का. हात धुण्याचं प्रश्न ३ मध्ये आहेच.

७. पाल विषारी असते का? आमच्याकडे आजी म्हणतात दुधात पडली तर माणूस मरतो.

आपल्या घरातली पाल विषारी नाही. दुधात पडली तर दूध फेकून द्यायचंच, पण विषामुळे नाही तर तिच्या अंगावरच्या आणि विष्ठेतल्या जंतूंमुळे. आजींना मी एवढंच सांगते की तुमचा निष्कर्ष बरोबर आहे, कारण वेगळंय, मग भांडण होत नाही.

अभ्यासाला पाल म्हणजे सोनं आहे. ट्यूबलाइटजवळ संध्याकाळी सात ते आठ बसून किती किडे पकडले मोजा, कुठली पाल कुणाला हाकलते बघा. शेपूट तोडायला लावू नका, तुटलेली शेपूट थोडा वेळ वळवळते आणि शत्रू तिच्याकडे बघत बसतो, परत येते हे खरं पण त्यात तिची साठवलेली चरबी जाते.

८. डासाचं जीवनचक्र घरी दाखवलं तर डेंग्यू नाही का होणार?

दाखवता येतं पण हा एकच प्रोजेक्ट आहे ज्यात मी स्वतः रोज सकाळी तपासते. फुलदाणीच्या किंवा कूलरच्या पाण्यात अळ्या मिळतात, काचेच्या बरणीत घ्यायच्या आणि तोंडाला दुहेरी मलमल रबरबँडने घट्ट. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस, त्यामुळे अळीचा स्वल्पविरामासारखा गोळा, म्हणजे कोष, झाला की दुसऱ्या दिवशी खेळ संपवायचा, पाणी उन्हात कोरड्या फरशीवर ओतायचं. गटारात नाही.

बघायचं काय तर अळी लटकते कशी. एडिस आणि क्युलेक्सची अळी शेपटीकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून डोकं खाली करून लटकते, मलेरियावाल्या अॅनॉफिलीसला ती नळी नसते म्हणून ती पृष्ठभागाला समांतर आडवी पडते. भिंग नसलं तरी दिसतं. २० ऑगस्टच्या आसपास करा, १८९७ मध्ये याच तारखेला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला होता. घरात कुणी तापाने आजारी असेल तर हा प्रोजेक्ट करू नका, आणि मग लगेच मुलांना घेऊन घरातलं साचलेलं पाणी शोधा, आमच्याकडे फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये सापडलं. लाज वाटली.

९. सुट्टीत गावी जातो, साप-विंचवाचं काय?

इथे जरा लांबण लावते, कारण यात चूक परवडत नाही.

चार सापांचे फोटो मुलांना तोंडपाठ पाहिजेत: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. ओळखता यावेत म्हणून, पकडायला नाही. "बिनविषारी दिसतोय" असं मोठ्यांनीसुद्धा म्हणायचं नाही, कवड्या आणि मण्यार यांच्यात भलेभले फसतात. दिसला की थांबायचं, मागे सरकायचं, मोठ्यांना हाक मारायची. दगड मारायचा नाही.

मण्यार रात्री फिरते आणि चावली तरी फारसं दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. जमिनीवर झोपलेलं पोर पहाटे पोट दुखतंय म्हणून उठलं आणि पापण्या जड झाल्या तर "काल आंबे जास्त खाल्ले" म्हणून ओवा देत बसू नका. गावी खाटेवर झोपवा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या.

चावलाच तर धीर द्यायचा, चालू द्यायचं नाही, हात-पाय मोडल्यावर फळी बांधतो तसा स्थिर ठेवायचा, अंगठी-बांगड्या-पैंजण काढायचे (सूज येते), वेळ लिहायची आणि १०८ किंवा मिळेल ती गाडी. आवळून दोरी नाही, ब्लेड नाही, तोंडाने ओढणं नाही, मांत्रिक तर नाहीच. साप मारून नेण्यात वेळ घालवू नका, आपल्याकडची प्रतिसर्प लस या चारही सापांवर चालते.

विंचवात काळ्यापेक्षा छोटा लाल विंचू जास्त वाईट, विशेषतः लहान मुलांना. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणं अशी लक्षणं दिसली की हॉस्पिटल. कोकणात पूर्वी याने बरीच मुलं जायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि चित्र बदललं. अकरा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट अख्खी सांगितली, तिला विंचवापेक्षा डॉक्टर जास्त आवडले.

आणि हो, विंचू जांभळ्या अल्ट्राव्हायोलेट टॉर्चमध्ये हिरवट-निळा चमकतो. गडग्यावर रात्री लांबून दाखवा, बूट घालून, टॉर्च मोठ्यांच्या हातात आणि कुणाच्या डोळ्यावर नाही.

१०. सोसायटीतल्या मांजरीने नुसता ओरखडा काढला, रक्तही नीट आलं नाही, तरी इंजेक्शन?

हो, ओरखड्यालाही डॉक्टरकडे जायचं, त्याच दिवशी. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, कारण १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. हळद, चुना, तिखट काही नाही. रेबीजची लक्षणं आल्यावर जवळजवळ कुणी वाचत नाही, आणि वेळेत लस घेतली तर तो होत नाही, म्हणजे इथे विचार करण्यासारखं काही उरतच नाही. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते, सांगितलेले सगळे डोस पूर्ण करा. जखम खोल असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही देतात.

आणि मुलांना हे सांगून ठेवा की ओरखडा लपवला तर ओरडा मिळेल, सांगितला तर नाही मिळणार. आमच्या धाकट्याने एकदा दोन दिवस लपवला होता, कारण मी "मांजरीजवळ जाऊ नकोस" म्हटलं होतं.

११. अभ्यासासाठी पोपट किंवा कासव पाळलं तर?

आपला हिरवा पोपट, म्हणजे राघू, पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पिंजरा कितीही मोठा असो आणि आजोबांच्या काळापासून असो. अंगावर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव तसंच. पक्ष्याचं घरटं-अंडी "कलेक्शन"साठी उचलणंही त्यातच येतं. दुकानात मिळणारं गालावर लाल पट्टा असलेलं परदेशी कासव या यादीत नाही, पण त्याचा साल्मोनेलाचा त्रास एवढा की अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ पासूनच बंदी आहे. शिवाय दोन रुपयांच्या नाण्याएवढं आणलेलं पुढे ताटलीएवढं होतं आणि मग लोक तळ्यात सोडतात, तिथल्या देशी कासवांच्या मुळावर. प्रश्न १ परत वाचा, त्यातलं काहीच पाळावं लागत नाही.

१२. चिमणीचं पिल्लू खाली पडलंय, हात लावला तर आई टाकून देते ना?

नाही टाकत, माणसाच्या वासाने पक्षी पिल्लू सोडत नाहीत. पिसं नसलेलं असेल तर हलक्या हाताने घरट्यात परत ठेवा आणि हात धुवा. पिसं आलेली असतील आणि उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय, मांजर लांब ठेवा आणि बाजूला व्हा. पाणी तोंडात ओतू नका, श्वासनळीत जातं. मेलेला पक्षी किंवा वटवाघूळ मात्र हाताने उचलायचं नाही, कितीही सुंदर असलं तरी.

१३. बाल्कनीत कबुतरं आहेत, त्यांचंच निरीक्षण केलं तर?

खिडकीच्या काचेआडून खुशाल. दाणे घालू नका. वाळलेली विष्ठा झाडूने झाडली की धूळ फुप्फुसात जाते, काही जणांना त्याने कायमचा दम्यासारखा त्रास होतो, म्हणून आधी पाणी मारून, मास्क लावून, मुलं आत असताना साफ करा.

१४. बेडकाचं डिसेक्शन घरी करता येईल का? आम्ही कॉलेजात केलं होतं.

आपण केलं म्हणून त्यांनी करायला पाहिजे असं नाही, बेडूक जिवंत शेतात किडे खातो ते जास्त शिकण्यासारखं आहे. त्याऐवजी कोळीणमावशींकडून आणलेला मासा बघा, जे टाकून देणार तेवढंच. रोहूचा खवला भिंगाखाली धरला की झाडाच्या खोडासारख्या रेषा दिसतात. बांगड्याचा कल्ला उचलून आतले लाल दाते मोजायचे, ताजा मासा कल्ल्यावरून का ओळखतात हे तिथेच कळतं. सुरी मोठ्यांच्या हातात, आणि हाताळलेलं परत शिजवायचं नाही. शाकाहारी घरात कोंबडीचं पीस आणि पाण्याचा थेंब एवढ्यावरही तासभर जातो.

बेडकाची पिल्लं डबक्यातच बघा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. गमबूट पाहिजेत, आणि पायाला जखम असेल तर डबक्यात उतरायचं नाही, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप) होतो, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो चांगलाच बघितलाय.

१५. समुद्रावर खडकात जीव बघायला कधी जायचं आणि काय टाळायचं?

ओहोटीला. वेळ काढायची कोकणातली जुनी युक्ती: तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते, पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, सहाला भरती, तर बाराच्या सुमारास ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात लांब जातं. हे अंदाजे आहे, निघायच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच, आणि पाणी वळलं की लगेच मागे फिरायचं.

हात लावू नये ते: शंकूसारखा नक्षीदार जिवंत शंख (त्यातला गोगलगायीसारखा प्राणी डंख मारतो) आणि पावसाळ्यात वाळूवर दिसणारी निळी फुग्यासारखी ब्लू बॉटल, वाळलेली असली तरी. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यावर या मोठ्या संख्येने आल्या होत्या आणि बऱ्याच लोकांना डसल्या.

१६. कोषातून फुलपाखराऐवजी बारीक माश्या निघाल्या! काय चुकलं?

काही चुकलं नाही. परजीवी गांधीलमाशा असतात, अगदी चिलटाएवढ्या, त्या अळीत किंवा ताज्या कोषात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं आतून खात वाढतात. कोष काळपट पडला आणि त्यावर टाचणीने पाडल्यासारखं भोक दिसलं तर हेच झालंय. माणसाला काही करत नाहीत. अंड्यापासून घरात, मच्छरदाणीत वाढवलं तर हे कमी होतं (सेटअप प्रश्न ४ मध्ये).

आमच्याकडे झालं तेव्हा मुलगी रडली, धाकट्याने मात्र बरणीला भिंग लावून माश्या मोजायला घेतल्या, एका कोषातून साठच्या वर निघाल्या, पुढे मोजणं सुटलं. मग मोठा वाद झाला की यांना सोडायचं की मारायचं, कारण यांनी आपलं फुलपाखरू खाल्लं. शेवटी नियम चौथा काढला गेला, वहीत जागा बघितली, आणि दोघं जाऊन कढीपत्त्याच्या झाडाजवळ बरणी उघडून आले. मुलीने त्या दिवशीच्या रकान्यात लिहिलंय, "आज फुलपाखरू नाही. ६०+ दुसरं काहीतरी."